अक्काची वायर, माझा फ्यूज

अक्का, वायर शेवटी जाडच टाकली. तू गेलीस म्हणून मी माझं म्हणणं मागे घेईन असं तुला वाटलं असेल, तर तसं काही झालेलं नाही. माणूस गेलं की त्याचं सगळं बरोबर ठरतं, अशी आपल्याकडे रीत आहे. भेटायला आलेली प्रत्येक बाई मला सांगून गेली की तुझ्यासारखी शहाणी बाई पुन्हा होणे नाही. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, शहाणी होती, पण वायरीच्या बाबतीत चुकली होती. हे तुझ्या तोंडावर म्हणून झालंच होतं. आता तुझ्या पाठीमागे वेगळं बोलायला मी काय नातेवाईक आहे?

ती जुनी व्हॅन अजून अंगणातच उभी आहे. मागची सीटं काढून तू तिथे फळ्या ठोकून घेतल्यास, फळ्यांवर गादी, गादीच्या पायथ्याशी तो बारा व्होल्टवर चालणारा छोटा फ्रीज आणि फ्रीजसाठी मागे बसवलेली दुसरी बॅटरी. सगळं भांडण ह्या दुसऱ्या बॅटरीचं. गाडी चालू असताना पुढच्या बॅटरीतून वीज घेऊन मागची भरणारा चार्जर आपण आणला. मग पुढून मागे जाणारी वायर किती जाड घ्यायची आणि तिच्यावर फ्यूज केवढा लावायचा, ह्यावरून दोन पिकल्या केसांच्या बहिणी सबंध उन्हाळा एकमेकींशी भांडत राहिल्या. गल्लीला वाटायचं, आपली घराची वाटणी चालली आहे.

फ्रीज हौसेचा नव्हता, हे मात्र लोकांना कधी कळलं नाही. जन्मभर दवाखान्यात दुसऱ्यांना सुया टोचल्यास आणि रिटायर झाल्यावर रोज स्वतःला टोचायची वेळ आली. इन्सुलिनला गारवा लागतो आणि परभणीच्या उन्हाळ्यात गारवा लायटीच्या मर्जीवर असतो. कुणाकडे लग्नाला जायचं म्हटलं तरी तू मुहूर्ताच्या आधी फ्रीजची चौकशी करायचीस. पिंगळीला मावसभावाच्या घरी दिवसभर लाइट नव्हती तेव्हा तू बाटल्या पिशवीत घालून ओल्या फडक्यात गुंडाळल्यास आणि माठाला टेकवून ठेवल्यास. पंगतीत वाढतानाही तुझं लक्ष त्या माठाकडेच होतं. तेवढ्यात कुणीतरी बोललंच, "शुगरच्या बाईनं घरी बसावं की गप." तू पुढच्या पानात वाढत गेलीस. घरी येऊन चपला काढता काढता म्हणालीस, "सुमे, आता फ्रीजच घेऊन फिरायचं." मला वाटलं, चेष्टा करतेयस.

चेष्टा नव्हती. व्हॅन दारात आली तेव्हा दादानं डोक्याला हात लावला. आपल्या तिघांत थोरला म्हणून त्याला सगळ्यांची काळजी, आणि काळजी करायची त्याची एकच तऱ्हा, ती म्हणजे नाही म्हणणं. "दोगी बाया गाडीत झोपणार? लोक काय म्हणतील?" तू काच पुसत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "लोक म्हणतेत तवा आमी झोपलेल्या असू." तुझ्या आयुष्यात नवरा लवकर गेला, माझ्या आयुष्यात तो आलाच नाही. लोक काय म्हणतील ह्याची फिकीर आपण दोघींनी केव्हाच सोडून दिली होती. येलदरीच्या धरणाच्या पाण्याकाठी एक मुक्काम करायचा, हे तुझं पहिलं ठरलेलं होतं. सकाळी पाण्याकडे तोंड करून सुई टोचून घ्यायची आणि मग चहा प्यायचा.

आणि त्यासाठी तू आणलीस काय, तर घरात गिझर बसवला तेव्हा उरलेलं वायरीचं वेटोळं!

"ह्या वायरीवर गिझर चालतो, गिझर! आन तुझा हा एवढा डबा चालणार न्हाई? बाराच तर हाय!"

बाराच तर हाय. हे वाक्य मी त्या उन्हाळ्यात इतक्या वेळा ऐकलं, की स्वप्नातही तेच ऐकू यायला लागलं होतं. तुला मी सांगत होते की बारा आहे म्हणूनच जाड लागते. घरात दोनशे तीसचा दाब असतो, त्यामुळे थोड्या प्रवाहात गिझर चालतो. इथे दाब बाराचा, तेवढंच काम करून घ्यायचं तर प्रवाह कितीतरी पट जास्त. उंच टाकीचं पाणी बारीक नळीतूनही पुरतं, पण जमिनीलगतच्या हौदातून वाफ्याला पाणी सोडायचं तर पाट रुंद लागतो. बारीक वायरीत वाटेतच दाब मरतो, मागे चार्जरपर्यंत पोचत नाही, आणि जे मरतं त्याची ऊब होते, वायर तापते. मी एवढं घसा फोडून सांगितलं आणि तू म्हणालीस, "झाला का वर्ग, बाई? घंटा वाजवू का?"

फ्यूजचंही तेच. चार्जरवर वीस अँपिअर लिहिलंय म्हणून तू वीसचा फ्यूज लावून मोकळी झालीस. वीस हे तो मागच्या बॅटरीला देतो ते. द्यायचं वीस तर पुढून घ्यायचं वीसच्या वरच, त्याचं स्वतःचं खाणं त्यात असतं, आणि पुढचा दाब उतरला की तो आणखी ओढतो. हे मी चहा पिताना सांगितलं, भाजी निवडताना सांगितलं. तू शेंगा सोलत राहिलीस.

मग पोखर्णीची ती फेरी. आदल्या रात्री फ्रीज चालवून चालवून मागची बॅटरी मुद्दाम रिकामी केली होती. सकाळी निघायचं, वाटेत बॅटरी भरत जाईल आणि इन्सुलिन गार राहील, अशी तुझी परीक्षा. चाक तुझ्याच हातात. लायसन्स माझ्याकडेही होतं, पण ते कपाटात ठेवण्यासाठी काढलंय अशी तुझी समजूत. पोखर्णीच्या अलीकडे लिंबाखाली आपण गाडी लावली आणि डबा उघडण्याआधी मी फ्रीज उघडला. आत बाहेरच्यासारखंच गरम. फ्यूज कुठेतरी वाटेत उडाला होता, मागच्या बॅटरीत काही भरलंच नव्हतं, आणि वायरीला हात लावला तर ती अजून कोमट होती.

समोरच्या शेतातली बाई आली म्हणून बरं. आपल्याकडून सगळं समजून घेतल्यावर तिनं तोंडाला पदर लावला. "बाई बाई, मावशी, आमच्या घरात फ्रीज न्हाई आन तुमच्या गाडीत हाय!"

"हाय, पण चालत न्हाई," तू म्हणालीस.

"मंग आमच्यावानीच झालं की!"

दोघी इतक्या हसलात की मलाही हसू आलं. तिनं बाटल्या ओल्या फडक्यात घेऊन तिच्या माठाला टेकवल्या. आपण पुन्हा माठावरच आलो होतो. मला वाटलं आता तरी तू म्हणशील, सुमे, तुझं बरोबर होतं. तू म्हणालीस, "त्या फ्यूजला तार गुंडाळ. डायरेक्ट कर."

डायरेक्ट! आपल्या मुलखाचा हा लाडका शब्द. विहिरीवरच्या मोटारीचा फ्यूज उडाला की करा डायरेक्ट, स्टार्टर बिघडला की करा डायरेक्ट. किती जणांचे हात भाजले, किती मोटारी जळाल्या, तुझ्याच दवाखान्यात तू त्यांना मलम लावलंस. आणि तू मला सांगतेस डायरेक्ट कर! मी ओरडले. फ्यूज बॅटरीसाठी नसतो, चार्जरसाठी नसतो, तो वायरीसाठी असतो. तार गुंडाळली की मग वायरच फ्यूज होते आणि ती जळते कुठे, तर आपण झोपणार त्या गादीखाली! त्या शेतातली बाई दोन पावलं मागे सरकली. तू मात्र शांतपणे भाकरी मोडत म्हणालीस, "तुझाच फ्यूज बारीक हाय, सुमे. जरा लोड आला की उडतीस."

परत येताना मी तुझ्याशी बोलले नाही. त्यानंतरही कित्येक दिवस मी गाडीला हात लावला नाही. तू एकदा म्हणालीस की बरं, एक मोठा फ्यूज आणू, पण लावायचा मागे, चार्जरजवळ, हाताला येईल असा. पुढची बॅटरी सीटखाली होती आणि तिथे वाकायला तुझे गुडघे तयार नव्हते. मी म्हणाले, आधी वायर बदल. आणि फ्यूज मागे लावला तर पुढच्या बॅटरीपासून मागेपर्यंतची सगळी वायर उघडीच राहिली, तिला राखणार कोण? फ्यूज बॅटरीजवळच हवा. तू म्हणालीस, "मंग वाकायला तू ये." मी म्हणाले, येईन. तू म्हणालीस, "कुठवर येशील?" ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं, कारण दूध उतू गेलं आणि आपण दोघी आत पळालो. नंतर तो विषय निघालाच नाही.

अक्का, त्या लिंबाखाली मला एक उत्तर सुचलं नव्हतं, ते आता देते. उडतो म्हणून लोक फ्यूजला हसतात. पण तो उडतो म्हणूनच घर शाबूत राहतं. मी तुझ्यावर चिडायचे तेव्हा तुझंच काहीतरी जळू नये म्हणून चिडायचे. घे. उत्तर दिलं. आता तू नाहीस, म्हणजे शेवटचा शब्द माझा, आणि तो मला जरासुद्धा गोड लागत नाहीये.

आणि तुझ्या डायरेक्टपणाला नावं ठेवायचा मला तरी काय अधिकार? मला विज्ञान शिकायला कॉलेजात कुणी घातलं? आबा म्हणत होते, डी.एड. बास झालं. दादा म्हणत होता, पोरीची जात, एवढं कशाला. तू तेव्हा नर्सिंगचा कोर्स करत होतीस, सुटीला आली होतीस. आबांचं जेवण व्हायचीही वाट बघितली नाहीस. "आबा, सुमी बी.एस्सी. करणार हाय. विषय संपला." आणि खरंच संपला. तुला दाब आणि प्रवाह शिकवायला मी उभी राहिले, ती तुझ्याच जिवावर. हे तुला एकदाही म्हणाले नाही. आपल्या घरात असलं काही म्हणायची पद्धत नव्हती, भांडायची होती.

मग तू गेलीस. दुपारी, तुझ्या त्या आरामखुर्चीत, मी चहा ठेवायला आत गेले तेवढ्यात. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. साखर त्या दिवशी चांगली होती, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. जणू साखर चांगली असताना माणसाला जायची परवानगीच नसते.

लोकांनी मात्र कारण शोधून ठेवलं होतं. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, भन्तेजी जेवून गेले, मांडवात घरची तेवढी माणसं उरली. तेव्हा दादानं घसा खाकरला.

"सुमे, गाडीला गिऱ्हाईक हाय. पेडगावचं. भाजी वाहायला पायजे त्याला."

मी पंगतीच्या पत्रावळी गोळा करत राहिले.

"ठेवून काय करायची? तिच्या नादानंच अक्का गेली. उन्हातान्हात वायरी वढत बसायची. ह्या वयात बाईनं घरी बसावं तर..."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा फ्यूज सगळ्यांना माहीत आहे. दादाच्या सुनेनं तर हातातलं पातेलं हळूच खाली ठेवलं. मलाही आतून तो चढणारा ताप कळत होता. गाडीनं तुला मारलं? त्या गाडीनं तुला पुन्हा कुठेतरी निघायचं असलेली बाई केली होती! सांत्वनाला आलेल्यांना माझी नुसती दया येत होती, हा तर माझा सख्खा भाऊ. ओरडायला तोंड उघडलं, आणि दादाकडे बघितलं. त्याच्या दाढीचे पांढरे खुंट वाढले होते, आणि त्याच्या हातात तुझा स्टीलचा पेला होता. पाणी कधीच संपलं होतं, तो नुसता धरून बसला होता.

"दादा," मी म्हणाले, "गाडी विकायची न्हाई."

"चालवणार कोण?"

"मी. लायसन्स हाय माझ्याकडं. येलदरीला जाणार हाय. एकटी."

"आन त्यो फ्रीज? इन्सुलिनच जर..." एवढं म्हणून तो रडायला लागला.

"फ्रीज चालणार," मी म्हणाले. "विषय संपला."

आवाज माझा होता, पण वाक्य तुझं होतं. डायरेक्ट बोलले, अक्का, आणि उडाले नाही. सून पातेलं उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी वायर आणायला गेले. दहा चौरस मिलिमीटरची घेतली, मऊ, सगळी तांब्याची, सुरीनं खरवडून बघितली आतपर्यंत तांबं आहे का ते. जायची तेवढीच जाड परतीचीही. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बाराच व्होल्टचं काम हाय ना?" मला एकदम हसू आलं आणि त्या माणसासमोरच डोळे भरले. "बाराच हाय," म्हणाले, "म्हणूनच." फ्यूज मिळेना. शेवटी गाड्यांना डीजेचे भोंगे बसवणाऱ्या दुकानात मिळाला, तिथे असले दणकट फ्यूज लागतात. चाळीसचा घेतला. चार्जर ओढतो त्याच्यापेक्षा मोठा आणि वायर सोसते त्याच्यापेक्षा लहान. एवढंच होतं गं ते गणित, ज्याच्यासाठी आपण एक उन्हाळा घालवला. वायरीच्या टोकांना थिंबल, म्हणजे बॅटरीला जोडायच्या तांब्याच्या कड्या, दाबून घेतल्या आणि प्रत्येक स्वतः ओढून बघितली. मागच्या बॅटरीजवळही वेगळा फ्यूज टाकला, कारण वीज त्या बाजूनेही येऊ शकते.

पुढचा फ्यूज बॅटरीजवळच लावला. त्यात तडजोड नाही. पण सीटखाली आत नाही लावला. सीटच्या लोखंडी चौकटीला बाहेरून पट्टी मारून घेतली आणि त्यावर बसवला, बॅटरीपासून वीतभर अंतरावर, ड्रायव्हरच्या जागी बसल्या बसल्या डावा हात पोचेल असा. वाकावं लागत नाही. तुझ्या गुडघ्यांसाठी हे मला तू असताना सुचायला हवं होतं असं कुणी म्हणेल. म्हणू दे. आता माझेही गुडघे आहेत.

आणि तुझं ते गिझरच्या वायरीचं वेटोळं फेकलेलं नाही. त्यातली थोडी घेऊन गादीच्या वर एक दिवा लावला, छोटा फ्यूज टाकून. दिव्याला ती भरपूर पुरते. तुझी वायर चुकीची नव्हती, अक्का, तू तिच्यावर भलता बोजा टाकत होतीस. इन्सुलिनच्या उरलेल्या बाटल्या शेजारच्या शेख चाचींना दिल्या, त्यांनाही तीच चालते, डॉक्टरांना विचारूनच दिल्या.

आज सकाळी निघाले. दादा फाटकापाशी उभा होता. नको म्हणाला नाही. टायरांना लाथ मारून हवा बघितली आणि म्हणाला, "पोचलीस की फोन कर." येलदरीला सरळ जाता आलं असतं, पण आधी मी गाडी उलट्या दिशेनं काढली, पोखर्णीच्या रस्त्याला. मागची बॅटरी काल रिकामी करून ठेवली होती, तुझ्यासारखीच. परीक्षा जिथे नापास झालो तिथेच द्यायची, हे मी पोरांना आयुष्यभर सांगत आले.

त्याच लिंबाखाली गाडी लावली. फ्यूजला हात लावून बघितला, वायरीला लावून बघितला, दोन्ही गार. ती बाई शेतातून बघत होती. गाडी ओळखून लगालगा आली, पदरानं घाम पुसत, आणि व्हॅनमध्ये डोकावली.

"त्या मोठ्या मावशी कुठायत?"

अक्का, ह्या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. सगळ्यांनी मला तू कशी गेलीस ते विचारलं होतं, तू कुठे आहेस असं कुणीच विचारलं नव्हतं.

"गेल्या," मी म्हणाले.

ती जवळ आली. माझा हात धरून उभी राहिली, तिचा हात मातीचा होता. मग दुसरं काय विचारावं हे न कळून तिनं विचारलं, "आन त्यो फ्रीज? चालायलाय का?"

मी फ्रीज उघडला. पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली. तिनं ती आधी गालाला लावली, मग दुसऱ्या गालाला, आणि डोळे मिटून म्हणाली, "आई गं, लय गार हाय की!"

ऐकलंस ना अक्का? लय गार. आता येलदरीला निघते. फ्यूज उडाला नाही, गाडीचाही नाही आणि माझाही नाही.